चहा-कॉफीने तरतरी येते म्हणजे नेमकं काय होतं? कॅफिन शरीरात आणि डोक्यात काय करतं?

संध्याकाळी ६ वाजता घेतलेल्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री ११ वाजताही अंगात शिल्लक असतं. झोप लागली तरी ते आपलं काम करत राहतं. 'मला काही फरक पडत नाही, मी चहा पिऊनही गाढ झोपतो' असं सांगणारी मंडळी घरोघरी आहेत. त्यांना झोप लागते हे खरं, पण ती कशी लागते हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर झोपलेल्या माणसाला ठाऊक नसतं.

मेंदूवर परिणाम करणारा, जगात सर्वाधिक घेतला जाणारा पदार्थ म्हणजे कॅफिन. दारू आणि तंबाखूचा नंबर त्याच्या मागे लागतो. तरी त्याबद्दलची आपली माहिती बहुतेक वेळा फॉरवर्ड आणि रील्सवरच थांबते. एक रील सांगतं कॉफीने आयुष्य वाढतं, दुसरं सांगतं चहा म्हणजे विष. दोन्हीकडे 'एनर्जी' हा शब्द हमखास असतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण कॅफिन शरीराला ऊर्जा देतच नाही.

थकवा जातो की लपतो?

आपण जागे असताना मेंदूच्या पेशी काम करतात आणि त्या कामातून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. सकाळी ते कमी असतं, दिवसभरात वाढतं. मेंदूत त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅडेनोसिन तिथे जाऊन बसलं की पेशींचा वेग मंदावतो, डोळे जड होतात, जांभया येऊ लागतात. 'आता पुरे, झोपा' असा हा निरोप असतो. झोपेत साठा उतरतो आणि सकाळी ताजंतवानं वाटतं.

कॅफिनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडेनोसिनशी बरीच मिळतीजुळती आहे. त्यामुळे ते त्याच जागांवर जाऊन बसतं, पण झोपेचा निरोप मात्र देत नाही. बसमध्ये रुमाल टाकून सीट अडवावी तसा हा प्रकार. अ‍ॅडेनोसिन मेंदूत असतंच, तयारही होत राहतं, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. थकवा तेवढाच असतो, त्याची जाणीव तेवढी दबते. शिवाय अ‍ॅडेनोसिनमुळे डोपामाइनच्या कामावर जो लगाम असतो तो सैल पडतो, म्हणून मूडही थोडा खुलतो.

कॅफिनचा असर ओसरला की अडवलेल्या सीट मोकळ्या होतात आणि ताटकळलेलं अ‍ॅडेनोसिन एकदम जागा पकडतं. दुपारी घेतलेल्या कॉफीनंतर संध्याकाळी अचानक मरगळ येते, ती बऱ्याचदा यामुळे.

झाडं हा पदार्थ आपल्यासाठी बनवत नाहीत. पानं आणि बिया कुरतडणाऱ्या किड्यांसाठी कॅफिन विषासारखं काम करतं. मात्र कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधात ते अगदी थोड्या प्रमाणात सापडतं, आणि 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेवढ्या कॅफिनमुळे मधमाश्यांना त्या फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो. म्हणजे किड्याला पळवायचं आणि गिऱ्हाईक मात्र परत परत बोलवायचं, असा झाडाचा दुहेरी धंदा. टपरीचा मालक याहून वेगळं काय करतो?

माणसाने हा पदार्थ वेगळा काढला तो १८१९ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने एका वनस्पतीचा अर्क घालून मांजरीच्या डोळ्याची बाहुली कशी मोठी होते, याचं प्रात्यक्षिक महाकवी ग्योथेला दाखवलं होतं. खूश झालेल्या ग्योथेने त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचंही बघ म्हणून सुचवलं. त्यातून कॅफिन मिळालं. पुढे १८२७ मध्ये चहातून असाच एक पदार्थ निघाला, त्याला 'थेइन' नाव दिलं गेलं. १८३८ मध्ये लक्षात आलं की हे दोन्ही एकच आहेत. त्यामुळे 'चहात कॅफिन नसतं, सौम्य थेइन असतं' हा आजही फिरणारा मेसेज जवळपास पावणेदोनशे वर्षांहून जुनी चूक आहे.

सकाळचा पहिला कप आणि रिकामं खातं

रोज कॅफिन मिळू लागलं की मेंदू त्याचा हिशेब धरतो. जागा अडवल्या जात आहेत असं दिसल्यावर तो रिसेप्टर वाढवतो. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त कॅफिन लागतं. एका कपाचे दोन आणि दोनाचे चार होतात ते असे. दुसरीकडे, कॅफिन मिळालं नाही तर या वाढलेल्या जागांवर अ‍ॅडेनोसिनला मोकळं रान मिळतं. अ‍ॅडेनोसिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकू लागतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही.

रात्रीचे सात-आठ तास हे रोज चहा पिणाऱ्यासाठी छोटा उपासच असतो. सकाळी उठल्यावर 'चहा घेतल्याशिवाय डोळे उघडत नाहीत' असं वाटतं, त्यात झोपेइतकाच या तुटीचाही हात असतो. ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या पीटर रॉजर्स यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७९ जणांना १६ तास कॅफिनपासून दूर ठेवलं. त्यात निम्मे नेहमी कॅफिन घेणारे होते, निम्मे न घेणारे किंवा अगदी थोडं घेणारे. नंतर काहींना कॅफिन आणि काहींना बिनकामाची गोळी दिली. नेहमी घेणाऱ्यांना कॅफिन मिळाल्यावर त्यांची सतर्कता वाढली, पण ती कुठवर? तर कॅफिन न घेणारे लोक काहीही न घेता जिथे होते, साधारण तिथवरच.

याचा अर्थ चहाबाज माणसाचा सकाळचा पहिला कप नफा नसतो, कालच्या कर्जाचा हप्ता असतो.

कॅफिनवर काहीच फायदा होत नाही, असं मात्र यातून निघत नाही. कंटाळवाण्या आणि लांबलचक कामात लक्ष टिकवणं, चटकन प्रतिसाद देणं, रात्रपाळीत डुलकी टाळणं यासाठी ते उपयोगी पडतं हे बऱ्याच प्रयोगांतून दिसलं आहे. यातल्या सुरुवातीच्या काटेकोर प्रयोगांपैकी एक तर कोर्टकज्जातून जन्मला. अमेरिकेच्या सरकारने १९०९ मध्ये कोका-कोलाचा साठा जप्त केला. त्यातलं कॅफिन घातक आहे असा आरोप होता. १९११ च्या खटल्यासाठी कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडून चाचण्या करवून घेतल्या. कुणाला कॅफिन दिलं आणि कुणाला नाही, हे चाचणी घेणाऱ्यालाही कळू नये अशी त्याची रचना होती. पैसा कंपनीचा असला तरी निष्कर्ष काहीही आले तरी छापायची मुभा त्याने आधीच मागून घेतली होती. टायपिंगसारख्या कामात बेताच्या कॅफिनने थोडी सुधारणा दिसली, मात्रा वाढली तशी झोप बिघडली. शंभराहून अधिक वर्षांनी चित्र फार बदललेलं नाही.

खेळाडूंनाही त्याचा लाभ होतो. २००४ च्या आधी ठरावीक पातळीपेक्षा जास्त कॅफिन लघवीत सापडलं तर तो डोपिंगचा गुन्हा मानला जाई. १ जानेवारी २००४ पासून जागतिक संस्था 'वाडा'ने त्याला बंदीच्या यादीतून वगळलं.

उपास, रोजे आणि डोकेदुखीची गोळी

कॅफिन अचानक बंद केलं तर त्रास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत टोकाला जातो आणि २ ते ९ दिवस टिकू शकतो. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा इतकं प्रमाणही त्यासाठी पुरतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत या त्रासाची अधिकृत नोंद केली. कॅफिनच्या व्यसनाला मात्र अजून पूर्ण आजाराचा दर्जा दिलेला नाही, अधिक अभ्यास हवा असलेल्यांच्या यादीत ते आहे.

रमझानच्या पहिल्या दोन-चार रोज्यांत दुपारनंतर डोकं का धरतं, पर्युषणात निर्जळ उपास करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी जास्त त्रास का होतो, याचं एक उत्तर इथे आहे. भूक आणि कमी पाणी ही कारणं असतातच, पण रोज पाच कप पिणाऱ्याचा चहा एकदम थांबलेला असतो हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकादशीला चहा चालतो म्हणणाऱ्यांची त्यातून आपोआप सुटका होते. हाच प्रकार शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या रुग्णांतही दिसतो. रविवारी उशिरा उठणाऱ्यांची डोकेदुखीही यातली असू शकते, कारण ऑफिसच्या दिवशी ७ वाजता मिळणारा चहा त्या दिवशी १० वाजता मिळतो.

आणि मग डोकेदुखीवर घेतलेल्या गोळीने चटकन बरं वाटतं. सॅरिडॉनसारख्या अनेक गोळ्यांत वेदनाशामकांबरोबर कॅफिनही असतं. १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन जोडलं तर वेदनाशामकाचा गुण थोडा वाढतो, म्हणून ते घातलेलं असतं. पण ज्याची डोकेदुखीच चहा न मिळाल्याने उठली आहे, त्याला त्या गोळीतून थोडा चहाच मिळतो. आठवड्यातून अनेक दिवस अशा गोळ्या घेणाऱ्यांत गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायम होण्याचा धोका असतो. ही गोष्ट मेडिकलच्या काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही.

एका कपात किती?

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार १५० मिलिलिटर ब्रूड कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा त्यांचा सल्ला आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या संस्था निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हणतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये एका वेळी २०० मिलिग्रॅमची मर्यादाही सांगितली होती.

टपरीवरचा कटिंग या मापाच्या जेमतेम निम्मा असतो, त्यामुळे एका कटिंगात ढोबळमानाने १५ ते ३० मिलिग्रॅम धरता येईल. पत्ती किती आणि किती वेळ उकळली यावर ते हलतं. दिवसभर उकळत्या पातेल्यातला कडक चहा वरच्या टोकाला जातो, आणि दूध घातल्याने चहातलं कॅफिन नाहीसं होत नाही. घरचे दोन मोठे कप, ऑफिसात दोन, वाटेत दोन कटिंग, असा हिशेब २०० मिलिग्रॅमच्या वर सहज जातो. त्यावर संध्याकाळी मित्रांबरोबर एक मोठी कॉफी झाली तर ३०० चा आकडा मागे पडतो. ग्रीन टी, चॉकलेट, कोला यांचं थोडं थोडं वेगळं. डीकॅफ कॉफीतही काही मिलिग्रॅम उरतंच.

तोच चहा, दोन माणसं, दोन परिणाम

प्यायल्यानंतर साधारण पाऊण तासात जवळपास सगळं कॅफिन रक्तात उतरतं. ते मोडायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. निरोगी प्रौढात निम्मं कॅफिन संपायला सरासरी ५ तास लागतात, पण ही फक्त सरासरी आहे. कुणाला दीड-दोन तास पुरतात, कुणाला नऊ लागतात. हे एन्झाइम किती जोमदार आहे हे बरंचसं जनुकांवर ठरतं. त्यामुळे रात्री दहाला कॉफी पिऊन घोरणारा नवरा आणि दुपारी चारच्या चहाने कूस बदलत बसणारी बायको, दोघांच्याही तक्रारी खऱ्या असू शकतात.

सिगारेटच्या धुरामुळे हे एन्झाइम वाढतं आणि कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने मोडतं. टपरीवर चहा-सिगारेटची जोडी जमलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा चहा लागतो, त्यामागे हेही एक कारण. गंमत अशी की सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, तर रक्तातलं कॅफिन वाढतं. धडधड, अस्वस्थता, झोप उडणं सुरू होतं आणि माणूस समजतो की हा सगळा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे. मग तो पुन्हा ओढू लागतो. सिगारेट सोडताना चहा-कॉफी निम्म्यावर आणण्याचा सल्ला म्हणून दिला जातो.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफिन दुप्पट वेळ टिकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत निम्मं कॅफिन संपायला १५ तासांपर्यंत लागू शकतात, आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. बाळाला ते मोडता येत नाही. म्हणून गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या काही अँटिबायोटिकमुळेही कॅफिन मोडणं मंदावतं. औषध सुरू असताना नेहमीच्या चहाने हात थरथरत असतील तर कारण हे असू शकतं.

झोपेचा हिशेब

२०१३ मध्ये अमेरिकेत १२ निरोगी लोकांवर एक छोटा पण बराच गाजलेला प्रयोग झाला. त्यांना झोपण्याच्या वेळी, झोपेच्या ३ तास आधी आणि ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं गेलं. सहा तास आधी घेतलेल्या कॅफिननेही यंत्राच्या नोंदीप्रमाणे झोप एक तासाहून अधिक घटली. सहभागींनी स्वतः लिहिलेल्या डायरीत मात्र ही घट तितकी दिसली नाही. झोप मोडल्याचं झोपणाऱ्याला कळलंच नव्हतं. मात्रा मोठी होती हे खरं, एका कटिंगने इतकं होणार नाही. पण 'मला फरक पडत नाही' हे स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून किती चालतं, ते यातून दिसतं. कॅफिनमुळे गाढ झोपेचा भाग कमी होतो, आणि तोच भाग सकाळी ताजं वाटण्यासाठी लागतो.

याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो विद्यार्थ्यांना. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली रात्री चहा-कॉफीवर जागतात. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे. ४८ निरोगी लोकांना सलग ५ रात्री फक्त ५-५ तास झोपू दिलं. काहींना दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन मिळालं, बाकीच्यांना नुसतीच गोळी. पहिले काही दिवस कॅफिनवाले पुढे होते. तीन रात्रींनंतर हा फायदा उरला नाही. एका रात्रीची झोप कॅफिनने ढकलता येते, आठवड्याची येत नाही.

२०२१ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात रात्रभर जागवलेल्या लोकांना सकाळी कॅफिन दिलं. साध्या लक्ष देण्याच्या कामात त्यांची कामगिरी सुधारली. पण मध्येच व्यत्यय आला तर पुन्हा नेमक्या पायरीवरून काम पुढे नेणं, ही गोष्ट बहुतेकांना जमेना. गणित सोडवताना किंवा लांब उतारा वाचताना नेमकं हेच लागतं. डोळे टक्क उघडे असतात, पान उलटत राहतं, डोक्यात मात्र काही उतरत नाही, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा असेल.

रात्री गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतते. समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डुलकी आली की ढाब्यावर चहा मारून लगेच निघायची पद्धत आहे. पण चहा घशाखाली गेल्यावर त्याचा असर जाणवायला २०-३० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात गाडी तीस-चाळीस किलोमीटर पुढे गेलेली असते. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात १९९७ मध्ये झोप अपुरी असलेल्या चालकांवर सिम्युलेटरमध्ये प्रयोग झाला. कॅफिन घेऊन लगेच १५ मिनिटं डुलकी काढली, तर नुसत्या कॅफिनपेक्षा आणि नुसत्या विश्रांतीपेक्षा चुका कमी होतात असं त्यात दिसलं. डुलकीत थोडं अ‍ॅडेनोसिन उतरतं आणि उठेपर्यंत कॅफिन पोहोचलेलं असतं. चहा प्या, गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून डोळे मिटा आणि मग निघा, हा क्रम फार कमी चालकांना माहीत आहे. पूर्ण रात्रीच्या झोपेची जागा तोही घेत नाही.

'उठल्यावर ९० मिनिटं कॉफी घेऊ नका, मग दुपारी मरगळ येत नाही' हा सोशल मीडियावरचा लाडका सल्ला. ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण त्याला थेट प्रयोगाचा आधार नाही.

छातीत धडधड आणि मनात भीती

कॅफिनने अ‍ॅड्रेनालिन वाढतं. रक्तदाब काही तासांसाठी थोडा चढतो, रोज पिणाऱ्यांत हा परिणाम बोथट होतो. बेताच्या कॉफीने हृदयविकार जडतो असं मोठ्या पाहण्यांत दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० प्रौढांच्या अंगावर यंत्रं लावून त्यांना रोज मेसेजने कळवलं गेलं की आज कॉफी घ्या किंवा आज घेऊ नका. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले. लोक सुमारे हजार पावलं जास्त चालले आणि अर्धा तास कमी झोपले. म्हणजे एकाच पेल्यात फायदाही आहे आणि तोटाही.

मनाचं गणित जास्त नाजूक आहे. अ‍ॅड्रेनालिन वाढल्यावर हृदय धडधडतं, तळहाताला घाम येतो, श्वास उथळ होतो. घाबरलेल्या माणसाच्या शरीरातही हेच घडतं. ज्यांना आधीपासून पॅनिक अटॅक येतात, त्यांच्यावरच्या प्रयोगांचा २०२२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. साधारण पाच कप कॉफीइतकं कॅफिन दिल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांना अटॅक आला, बिनकामाच्या गोळीवर कुणालाच नाही. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी 'जरा तरतरी यावी' म्हणून नेहमीपेक्षा दोन कप जास्त घेणारे अनेकदा स्वतःच्या भीतीला खतपाणी घालत असतात.

जेवणानंतरचा चहा

चहाने लघवी थोडी वाढते, पण त्याने शरीरातलं पाणी संपतं हा समज खरा नाही, नेहमी पिणाऱ्यांच्या बाबतीत तर नाहीच. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांची जळजळ वाढू शकते. याहून महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट लोहाची आहे.

चहातली टॅनिन जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यामुळे शाकाहारी ताटाचं नुकसान जास्त. आयसीएमआरच्या २०२४ च्या सल्ल्यात जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. यात चहाचा वाटा छोटा असेल, पण सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते तेव्हा त्या गोळीचा बराच भाग वाया जातो. दोष कॅफिनचा नसल्याने डीकॅफ घेऊनही सुटका होत नाही.

दप्तरातली बाटली

कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं, असा भारतात नियम आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. एका कपभर कॉफीइतकंच, मग एवढा ओरडा का? कारण बाटली कोण पितं हे बघावं लागतं. युरोपच्या संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. २५ किलोच्या, म्हणजे साधारण तिसरी-चौथीतल्या मुलाचा पूर्ण दिवसाचा कोटा त्या एका बाटलीत संपतो. कॉफी गरम आणि कडू असते, लहान मूल ती गटागटा पीत नाही. हे पेय गार आणि गोड असतं, आणि २० रुपयांच्या आसपास शाळेबाहेरच्या दुकानात मिळतं. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी योग्य नाही, अशी सूचना बाटलीवर असते, पण ती वाचायला भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात.

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा केली. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालच्यांना अशी पेयं विकायलाच मनाई केली आहे. अंतराची अट आणि वयाची अट यांत फरक आहे. ५०० मीटरपलीकडच्या दुकानात तेच मूल तीच बाटली घेऊ शकतं.

मोठ्यांसाठी खरा धोका बाटलीत नाही, डब्यात आहे. जिममध्ये 'प्री-वर्कआउट' म्हणून घेतल्या जाणाऱ्या पावडरींत बऱ्याचदा कॅफिन असतं आणि चमचा किती भरला यावर मात्रा ठरते. शुद्ध कॅफिनच्या एक चमचा पावडरीत २८ कप कॉफीइतकं कॅफिन असतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. प्रौढासाठी ५ ते १० ग्रॅम कॅफिन जीवघेणं ठरू शकतं. चहा-कॉफीतून तिथवर पोहोचणं जवळपास अशक्य आहे, पावडरीतून मात्र नाही. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळण्याचाही असाच सापळा आहे. नशा तेवढीच चढते, पण झोप येत नसल्याने चढल्याचं कळत नाही.

आणि तरीही ते औषध आहे

मुदतीच्या खूप आधी जन्मलेली बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र पुरतं तयार झालेलं नसतं. नवजात अतिदक्षता विभागात अशा बाळांना डॉक्टर मोजून कॅफिन सायट्रेट देतात. अ‍ॅडेनोसिनची जागा अडवण्याचा तोच गुण इथे श्वास चालू ठेवतो. २००६ बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २००६ मध्येच आले (आकडा आणि वर्ष सारखं असणं हा निव्वळ योगायोग). कॅफिन मिळालेल्या बाळांत फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार कमी आढळला. नवजात बाळाला निम्मं कॅफिन मोडायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून दिवसाला एकच डोस पुरतो. मुलांसाठीच्या आवश्यक औषधांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हे औषध आहे. शाळेबाहेरच्या दुकानात मुलांसाठी नको असलेला पदार्थ काचेच्या पेटीत अगदी इवल्या जिवाला वाचवतो, फरक फक्त मात्रेचा आणि देणाऱ्याचा.

कमी करायचं असेल तर

सोमवारपासून एकदम बंद, हा बेत बहुतेक वेळा बुधवारच्या डोकेदुखीत बुडतो. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांत उतरत जाणं सोपं पडतं. आधी दिवसातला शेवटचा कप काढायचा, कारण झोपेचं सर्वाधिक नुकसान तोच करतो. दुपारी २ नंतर काही नाही, हा साधा नियम अनेकांना पुरतो. मग दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करायचा, किंवा कपांची संख्या तीच ठेवून पत्ती कमी टाकायची. चहाचा ब्रेक, गप्पा, हातातला गरम कप यांचीही सवय असते. त्यासाठी गवती चहा-आलं उकळून घेतलं तर चालतं, त्यात कॅफिन नसतं.

पॅनिक अटॅक, अनियमित ठोके, गरोदरपण किंवा नियमित औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना 'दिवसाला दोन-तीन कप' असं मोघम न सांगता कपाचा आकार आणि शेवटच्या कपाची वेळही सांगावी. थकव्याचं कारण शोधायला आलेल्या रुग्णाचा शेवटचा चहा रात्री साडेनऊचा निघतो, असं पुष्कळदा होतं.